काटेवाल्यांच्या वहीतले पाणी

रुग्णालयातल्या चादरी, पडदे आणि डॉक्टरांचे झगे ज्या वाफेवर उकळून निघत, ती वाफ काटेवाले तयार करीत. हे त्यांचे खरे नाव नव्हे. बॉयलरच्या दाबाचा काटा हा माणूस इतक्या एकाग्रतेने पाहत असे की धुलाईघरातल्या बायकांनी त्यांना हे नाव ठेवले, आणि एकोणतीस वर्षांत ते असे चिकटले की पगाराच्या दिवशी कारकूनही "काटेवाले, या" असेच म्हणू लागला.

काट्याची दर तासाला नोंद करावी, असा नियम होता. काटेवाल्यांना अंक ओळखता येत, पण लिहिता येत नसत; अक्षरे तर मुळीच येत नसत. म्हणून ते वहीत एक छोटा गोल काढीत आणि काटा जिथे असेल तिथे त्या गोलात रेघ ओढीत. सुरुवातीला साहेब रागावले. मग एकदा एका शिकलेल्या माणसाचा आकडा चुकलेला निघाला आणि काटेवाल्यांचा गोल बरोबर निघाला. त्यानंतर साहेबांनी तो विषय काढला नाही. काटा लाल रेघेकडे सरकू लागला की काटेवाले ताबडतोब उठत आणि आग कमी करीत. एकोणतीस वर्षांत त्यांच्या बॉयलरने कुणाला इजा केली नाही. याचा त्यांना अभिमान होता. परंतु त्याच सवयीने पुढे त्यांना छळले, म्हणून ती आधी सांगितली.

नोकरी संपली त्या दिवशी कार्यालयात त्यांच्यापुढे चार कागद ठेवले गेले. सही तेवढी त्यांना येत होती. त्यांनी चारही कागदांवर सही केली आणि खात्यात आठ लाख जमा झाले. घरी आल्यावर बायकोने विचारले, "कागदांवर काय लिहिलं होतं?"

"असेल काहीतरी. सगळेच करतात सही."

"म्हणजे एकोणतीस वर्षांचा हिशेब तुम्ही न वाचता दिलात."

ती रागाने बोलली नव्हती. पण ते वाक्य काटेवाल्यांच्या मनात काट्यासारखे सलत राहिले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी प्रौढ वर्गात नाव घातले. वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुपारी चार वाजता भरे. शिकवणाऱ्या बाई त्यांना मुलगी शोभतील एवढ्या लहान होत्या. शेजारच्या बाकावर एक म्हातारी शिंपीण बसे. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "या, बसा. घाबरू नका, अक्षरं चावत नाहीत. मला अजून एकही चावलेलं नाही, आणि आलेलंही नाही."

सात-आठ महिन्यांत काटेवाले वाचू लागले. सावकाश, बोट ठेवून, पण वाचू लागले.

ज्या दिवशी भीतीने त्यांच्या घरात पाय ठेवला, तो दिवस गणिताचा होता. बाईंनी प्रत्येकाला स्वतःच्या घरचा खर्च मांडायला सांगितला होता. काटेवाल्यांना थोडे निवृत्तिवेतन मिळे. त्यात खाणेपिणे भागे. दोन खोल्यांचे भाडे मात्र आठ लाखांतूनच द्यावे लागे. महिना तीन हजार. घरमालक दर वर्षी त्यात दहावा हिस्सा वाढवी. बँक वर्षाला शेकडा चार व्याज देई. बाईंनी फळ्यावर एकेका वर्षाची ओळ लिहिली आणि काटेवाल्यांनी वजाबाकी केली. पहिली काही वर्षे रक्कम जवळपास जागची हलली नाही. चौथ्या-पाचव्या वर्षापासून ती भराभर उतरू लागली, आणि पंधराव्या वर्षाच्या ओळीत भाडे मोठे निघाले, शिल्लक लहान.

"चूक झाली असेल," काटेवाले म्हणाले.

बाईंनी पुन्हा तपासले. चूक नव्हती.

काटेवाले तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. बायको नऊ वर्षांनी लहान. म्हणजे पंधराव्या वर्षी ती सदुसष्टीला टेकलेली असणार. आणि आपण असू की नसू, हे कुणी सांगावे? तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. खडू हातात धरून ते फळ्यासमोर किती वेळ उभे राहिले, हे त्यांना कळले नाही. एकट्या, अधू डोळ्यांच्या बाईच्या हातात घरमालक भाड्याची चिठ्ठी देतो आहे, एवढेच त्यांना दिसत होते.

"पैसा नुसता ठेवला तरी तो बसल्या जागी झिजतो, काका," बाई म्हणाल्या. "हे कळावं म्हणून आजचं गणित."

"मग करायचं काय?"

"शिकायचं. लगेच काही करायचं नाही."

परंतु घाबरलेल्या माणसाला धीर नसतो. मोठ्या रस्त्यावर गुंतवणुकीचे एक कार्यालय होते. पुष्कळ कंपन्यांत थोडेथोडे पैसे वाटून घालणारा एक फंड तिथे मिळतो, असे त्यांनी पाटीवर वाचले होते. बायकोचा भाऊ पूर्वी एका पैसे दुप्पट करणाऱ्या माणसाच्या नादाने पार धुऊन निघाला होता. तेव्हापासून त्या घरात गुंतवणूक हा शब्द आजाराच्या नावासारखा हळू आवाजात उच्चारला जाई. तरीही काटेवाले कुणाला न विचारता तिथे गेले. एका भीतीने त्यांना दुसरीकडे ढकलले होते.

खिडकीतल्या मुलीने अर्ज दिला. अर्ज चार पानांचा होता. मागे रांग होती. काटेवाल्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवले, तेवढ्यात मागचा मनुष्य खाकरला. बस, त्यांना घाम फुटला. इतक्या हळू वाचताना आपल्याला सगळे पाहत आहेत, या लाजेने त्यांनी बोट उचलले आणि पुढच्या गृहस्थाने जिथे खुणा केल्या होत्या तिथेच आपल्याही खुणा केल्या.

"काका, हे पैसे एवढ्यात लागणार नाहीत ना?" मुलीने विचारले.

"नाही, नाही," ते म्हणाले.

ते दोन लाख होते. त्यांतले चाळीस हजार बायकोच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचे होते आणि शस्त्रक्रिया चार महिन्यांवर होती.

कार्यालयाच्या काचेमागे एक पडदा होता. त्यावर बाजाराचा आकडा दिवसभर हलत असे, वर गेला की हिरवा, खाली आला की लाल. रस्त्यापलीकडे एक बाक होता. काटेवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी नवी वही घेतली, बाकावर बसले आणि दर तासाला पडद्याकडे पाहून एक गोल काढू लागले. गोलात काटा. दहाचा गोल, अकराचा गोल, बाराचा गोल. दुपारचे जेवण ते डब्यातून तिथेच करीत. तिसऱ्या दिवशी कार्यालयाचा रखवालदार रस्ता ओलांडून आला.

"आजोबा, तीन दिवस बघतोय. दर तासाला आमच्या दाराकडे बघून वहीत काय टिपता? दरोडा घालायचाय का?"

"माझेच पैसे आत आहेत."

"मग चोर चुकीच्या बाजूला बसलाय म्हणायचा," रखवालदार म्हणाला, आणि गोल पाहून गोंधळून निघून गेला.

पाचव्या आठवड्यात आकडा लाल झाला आणि लालच राहिला. अन्न तोंडात फिरू लागले. बायको काही विचारी तेव्हा ते "हं" म्हणत आणि तिच्या डाव्या डोळ्याकडे पाहणे टाळीत. एकोणतीस वर्षे त्यांच्या अंगात एकच शिकवण मुरली होती: काटा लालाकडे गेला की बसून राहायचे नाही. नवव्या दिवशी सकाळी ते उठले, रस्ता ओलांडला आणि सगळे पैसे काढून घेतले. दोन लाखांचे एक लाख शहाऐंशी हजार झाले होते.

त्यांनी बायकोला सगळे सांगितले. ती भाजी निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

"चौदा हजार?"

"चौदा."

"माझा भाऊ नव्वद हजार घालवून आला होता. तुम्ही त्याच्यापेक्षा शहाणे निघालात म्हणायचं." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "डोळ्याचे पैसे त्यात होते?"

काटेवाल्यांनी मान खाली घातली. तिने निवडून झालेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. चौदा हजारांपेक्षा ते त्यांना जड गेले.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली आणि डोळा चांगला झाला. परंतु त्यानंतर चार महिन्यांतच पडद्यावरचा आकडा पूर्वीच्या जागी आला व पुढे गेला. काटेवाले भाजी आणायला जाताना आता लांबचा रस्ता घेऊ लागले. फळ्यावरची पंधरावी ओळ मात्र त्यांच्याबरोबर याही रस्त्याने चालत असे.

वर्गात त्यांनी हे लपवले नाही. बाईंनी ऐकून घेतले आणि तो चार पानी अर्ज वर्गाच्या वाचनासाठी आणला. तीन आठवडे सर्वांनी तो आळीपाळीने मोठ्याने वाचला. 'जोखीम' हा शब्द त्यात अकरा वेळा आला. शिंपीण म्हणाली, "एवढ्या वेळा सांगतायत, तर ते बिचारे लपवत नव्हते हो. आपणच बहिरे." दुसऱ्या पानावर प्रश्न होता: या रकमेची गरज आपणास केव्हा पडेल? काटेवाल्यांनी तो वाचला आणि त्यांचे कान तापले. हाच प्रश्न त्या मुलीने तोंडानेही विचारला होता.

एके दिवशी बाई म्हणाल्या, "आज काका शिकवतील. बॉयलर कसा चालतो ते."

काटेवाले प्रथम संकोचले. मग खडू घेऊन त्यांनी बॉयलर काढला, काटा काढला, बाजूची काचेची उभी नळी काढली, आणि त्यांचा आवाज बदलला. एकोणतीस वर्षांचे ज्ञान होते ते.

"बॉयलर फुटतो कशानं?" बाईंनी विचारले.

"दाब वाढून," शिंपीण म्हणाली.

"सगळे तेच म्हणतात," काटेवाले म्हणाले. "कारण सगळे काटा बघतात. पण काटा हलतोच. यंत्रं सुरू झाली की खाली, बंद झाली की वर. तो हलायलाच हवा. खरा धोका पाणी संपण्याचा. या काचेत पाणी दिसतं तोवर बॉयलर आपला असतो. पाणी काचेखाली गेलं की आतलं लोखंड तापून लाल होतं. मग काटा कुठेही असो, बॉयलर फुटतो. म्हणून कामावर आल्यावर आधी काच बघायची, मग काटा."

"तुमच्या वहीत तर नुसता काटाच असे ना, काका? पाणी कधी लिहिलं नाहीत?"

"त्याची काय नोंद? पाणी नसतं तर नोंद करायला मी उरलो नसतो."

वर्ग हसला. काटेवाले मात्र खडू धरून थांबले. ते त्या उभ्या नळीकडे पाहत होते. डोळ्याचे चाळीस हजार त्यांना त्या नळीत दिसत होते. नळीतून काढून आगीवर घातलेले.

"मी काच न बघताच चूल पेटवली," ते हळूच म्हणाले.

बाईंनी पुढे काही समजावले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालयातून जुन्या वर्तमानपत्रांतले आकडे उतरवून आणले. बारा वर्षांचे, महिन्याला एक. काटेवाल्यांनी लांब कागद जोडून त्यावर एकशे चव्वेचाळीस गोल काढले. हे काम अकरा दिवस चालले. कागद खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेला. जवळून पाहिले तर प्रत्येक काटा थरथरत होता; खोलीच्या दारातून पाहिले तर काटा सावकाश वर चढत गेलेला दिसे. पण एका ठिकाणी तो एवढा घसरला होता की पूर्वीच्या जागी यायला त्याला जवळजवळ तीन वर्षे लागली होती. काटेवाले त्या तीन वर्षांच्या गोलांपुढे फार वेळ बसून राहिले.

"पुढेही तो चढेलच का, बाई?"

"असं कुणी लिहून देणार नाही. देईल त्याच्यापासून लांब राहा."

"मग?"

"मग तुमच्या काचेत किती पाणी हवं, ते तुम्ही ठरवा."

त्यांनी ते बायकोबरोबर बसून ठरवले. तीन वर्षांचे भाडे आणि औषधपाणी मिळून दीड लाख बँकेत वेगळे ठेवले. भाडे आणि औषधाखेरीज कशासाठीही त्याला हात लावायचा नाही. उरलेल्या रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत गेला; भाड्यासाठी काढलेले पाणी त्यातून पुन्हा भरत राहायचे. फक्त दोन लाख फंडासाठी राहिले, आणि तेही एकदम नाही. थंड बॉयलर जसा हळूहळू तापवतात, नाहीतर भट्टीच्या विटा तडकतात, तसे महिन्याला दहा हजार, वीस महिने. नोंद महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी. अर्ज भरताना ते प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होते. मागे कुणीतरी खाकरले. काटेवाल्यांचे कान याही वेळी तापले, पण बोट उचलले गेले नाही.

इथे ही हकिकत संपली असती तर बरे झाले असते. परंतु सहा हप्ते गेले आणि बाजार कोसळला.

या वेळी तो आठवडाभर लाल राहिला नाही; तीन महिने राहिला. तोवर भरलेल्या नऊ हप्त्यांच्या नव्वद हजारांचे एकाहत्तर हजार झाले. वर्तमानपत्रात आता मथळे येऊ लागले, आणि ते वाचता येऊ लागल्याचा काटेवाल्यांना पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. न वाचणाऱ्या माणसाला निदान पहिल्या पानाची भीती नसते. एके सकाळी मेहुणा आला आणि चपला न काढताच बोलू लागला.

"दाजी, अजून आत आहेत पैसे? माझं बघून तरी शहाणे व्हा. आहेत तेवढे काढा."

"तुझा माणूस पळून गेला होता. इथे कुणी पळालेलं नाही," काटेवाले म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"पळतील तेव्हा तुम्हाला सांगून पळतील का?"

मेहुणा चहा पिऊन गेला, पण त्याचे वाक्य घरातच राहिले. फळ्यावरची पंधरावी ओळ आता दहावी झाली, नववी झाली, असे त्यांना वाटू लागले. शेवटी एका मंगळवारी अकरा वाजता ते कार्यालयात गेले आणि पैसे काढण्याचा अर्ज मागून घेतला. रखवालदाराने त्यांना ओळखले. त्या दिवशी त्यानेही थट्टा केली नाही. आत पुष्कळ लोक होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हते.

काटेवाल्यांनी भिंतीपाशी उभे राहून अर्ज भरला. नाव, पत्ता, खाते क्रमांक; सगळे स्वतःच्या हाताने. शेवटी एक ओळ होती: रक्कम काढण्याचे कारण.

त्यांची लेखणी थांबली. भाडे, असे लिहावे, तर भाडे बँकेत होते. औषध, तेही तिथेच होते. डोळा बरा झाला होता. घरमालकाने घर सोडायला सांगितले नव्हते. रांग पुढे सरकली. त्यांच्यापुढे तीन माणसे राहिली, मग दोन. खोटे लिहिणे त्यांना जमणारे नव्हते. एवढ्या उशिरा शिकलेली अक्षरे खोट्यासाठी वापरायची, हे त्यांच्या मनाला पटेना. म्हणून जे खरे होते ते त्यांनी लिहिले.

खिडकीत तीच मुलगी होती. तिने अर्ज वाचला आणि वर पाहिले.

"काका, कारणाच्या जागी 'भीती' लिहिलंय?"

"दुसरं कारण शोधलं. सापडलं नाही."

मुलगी हसली नाही. "चालतं तसं. आज सकाळपासून हेच कारण आहे सगळ्यांचं, फक्त लिहिलं कुणी नव्हतं. पैसे तुमचे आहेत. करू का पुढे?"

मागचा मनुष्य खाकरला. काटा लालात होता, आणि एकोणतीस वर्षांची सवय त्यांना ऊठ, ऊठ म्हणत होती. त्यांनी डोळे मिटले आणि काच आठवली. काचेत पाणी होते. तीन वर्षांचे पाणी होते, निम्म्याच्याही वर. ते त्यांनी मनात एकदा पाहिले. खात्री पटली नाही, म्हणून पुन्हा पाहिले.

"द्या तो कागद परत," ते म्हणाले.

ते घरी पोचले तेव्हा अंगरखा पाठीला चिकटला होता. बायको दारातच उभी होती. ते कुठे गेले होते, हे तिने ओळखले असावे.

"काढले?"

"नाही."

"किती राहिलेत?"

"एकाहत्तर हजार. उद्या सत्तर असतील. कमीही असतील."

"आणि भाडं?"

"आहे. तीन वर्षांचं."

बायकोने त्यांच्याकडे दोन्ही चांगल्या डोळ्यांनी नीट पाहिले. "मग हातपाय धुवा आणि जेवायला बसा. तुमचा चेहरा बघून मला वाटलं, बॉयलरच फुटला."

पहिल्या शनिवारी त्यांनी वही काढली. दहावा हप्ता गेला होता आणि आकडा आणखी खाली आला होता. त्यांनी गोल काढला. तो गोल एका बाजूने चेपला गेला. त्यात त्यांनी काटा जिथे होता तिथेच ओढला, लालात. मग थोडा विचार करून गोलाशेजारी एक उभी नळी काढली, आणि तिच्यात पाण्याची रेघ मारली. वहीत पाण्याची नोंद करण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

हे लिहीत असताना चौदा हप्ते झाले आहेत. काटा अजून पूर्वीच्या जागी आलेला नाही. काटेवाले शनिवारी पहाटेच जागे होतात आणि चहा अर्धा टाकतात. भीती गेली, असे ते कुणालाही सांगत नाहीत. परंतु वहीतली नळी ते आता गोलाच्या आधी काढतात.